आडनावाचा माग काढून देणारी सेवा : तीन प्रकरणे घेण्याजोगी, चौथे नाही

घराण्याचा इतिहास शोधून देणारी कार्यालये आता मराठवाड्यातही निघाली आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तहसिलींच्या अभिलेख कक्षांतून निजामकाळातील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्या माणसांना एकाएकी भाव आला. कुणबी जातीच्या दाखल्यासाठी कागद हुडकता हुडकता पुष्कळांना निराळेच कुतूहल लागले : आपले मूळ गाव कोणते, हे आडनाव आले कुठून, यादवांच्या काळात आपली माणसे कुठे होती. अशाच कुतूहलापोटी मी छत्रपती संभाजीनगरातील एका कार्यालयाकडून आमच्या ढवळे घराण्याचा ‘कुलशोध’ करून घेतला. कार्यालयाचे नाव मी देत नाही. मला त्याचे दोष दाखवायचे आहेत, आणि या धंद्यातली जी माहितीपत्रके माझ्या पाहण्यात आली त्या बहुतेकांत तेच दोष कमी-अधिक प्रमाणात आहेत. एकट्यालाच वेठीस धरण्याचे कारण नाही.

माझे मत आधीच सांगतो. अठराव्या शतकापर्यंतचे कागद शोधणे, वाचणे आणि एकमेकांशी ताडून पाहणे हे काम या मंडळींनी चोख केले असून त्याचे पैसे वसूल झाले. त्याच्या मागे जाऊन मध्ययुगातला मूळपुरुष दाखवण्याचे जे प्रकरण सर्वांत महाग पडते, ते मात्र कागदावर नव्हे, आवाजाच्या साधर्म्यावर उभे आहे, आणि ते विकत घेऊ नये.

सेवेचे तीन प्रकार आहेत. सर्वांत स्वस्त प्रकार १२,००० रुपयांचा असून त्यात महसुली कागदांवरून वंशावळ काढून मिळते. मधल्या प्रकारात तीर्थक्षेत्रांच्या वह्या आणि मोडी कागद येतात. ३२,००० रुपयांच्या वरच्या प्रकारात ‘मूळपुरुष व आडनावाची व्युत्पत्ती’ असे शीर्षक असलेले चौथे प्रकरण आणि चौकटीत बसवलेली ‘कुलमुद्रा’ मिळते. मी वरचा प्रकार घेतला. निम्मी रक्कम आगाऊ द्यावी लागते, बोली केलेल्या मुदतीपेक्षा अहवाल बराच उशिरा आला आणि त्या काळात फोन केला की ‘साहेब फील्डवर आहेत’ एवढेच ऐकू येत असे. अशा कामात उशीर होतोच, हे मी समजू शकतो. अभिलेख कक्षातून नक्कल मिळणे संशोधकाच्या हातात नसते. तेवढेच सरळ सांगितले असते तरी पुरे होते.

पहिले प्रकरण महसुली कागदांचे. काम उलटे, म्हणजे आजपासून मागे, केलेले आहे आणि तीच योग्य पद्धत आहे. सध्याच्या सातबाऱ्यावरून फेरफार, फेरफारांवरून १९५०च्या दशकातील खासरा पाहणी पत्रक, आणि तिथून निजामाच्या अमदानीतले शेतवार, म्हणजे शेतनिहाय जमीन-नोंदीचे कागद, असा हा प्रवास आहे. मराठवाड्यात ही शेवटची पायरी अवघड असते, कारण तिथे भाषा आणि कालगणना दोन्ही बदलतात. हैदराबाद संस्थानाच्या कारभारात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत फारसीची जागा उर्दूने घेतली, त्यामुळे पुण्या-साताऱ्याकडे पणजोबांची नोंद जशी मराठीत सापडते तशी आपल्याकडे सापडेलच असे नाही. वर्षे फसली सनात आणि महिने बहमन, खुर्दाद, शहरेवर असे असतात. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन निघतो. गावांची आणि तालुक्यांची नावेही तीच नसतात. आमचे गाव आंबेजोगाई तालुक्यातले. निजामकाळात आंबेजोगाईचे नाव मोमिनाबाद होते, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो सूचीत ‘आ’खाली शोधत बसतो व रिकाम्या हाताने परत येतो.

या प्रकरणातला एक भाग तर मला फारच आवडला. अहवालात शेतवाराच्या एका पानाचे छायाचित्र दिले आहे. शिकस्त, म्हणजे घाईच्या मोडक्या वळणातले अक्षर, अक्षरांचे नुक्ते (ठिपके) अर्धेमुर्धे गाळलेले, शाई तपकिरी झालेली. त्यात खातेदाराच्या नावापुढे जे आडनाव आहे ते पूर्वी एका ओळखीच्या वाचकाने ‘ढोले’ असे वाचून दिले होते, आणि त्यामुळे ही जमीन कधी काळी दुसऱ्याच कुणाची होती, अशी आमच्या घरात समजूत झाली होती. कार्यालयातील उर्दू वाचकांनी, हे गृहस्थ वयस्क आहेत आणि जुन्या कागदांत मुरलेले आहेत, त्याखाली छोटे टिपण जोडले आहे. उर्दू लिपीत ‘ळ’ला स्वतंत्र अक्षर नाही, तो ‘ल’नेच लिहितात, ‘वाव’ हे एकच अक्षर कधी ‘व’ असते तर कधी ‘ओ’, ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत. परिणामी ‘ढवळे’ आणि ‘ढोले’ ही दोन्ही आडनावे कागदावर एकसारखीच उमटतात, आणि कोणते वाचायचे हे अक्षर सांगत नाही, ते शेजारच्या नोंदींवरून ठरवावे लागते. मग त्यांनी तेच केले. सर्व्हे नंबर, एकत्रीकरणानंतर पडलेला गट नंबर, चतुःसीमेवरचे शेजारी आणि खातेदाराच्या भावाचे नाव, या चार गोष्टी पुढच्या मराठी पत्रकाशी जुळवून दाखवल्या आणि ही नोंद आमच्याच घराण्याची असल्याचे सिद्ध केले. शेवटी लिहिले आहे : ‘‘वाचन ढवळे, ढोले हे वाचन अक्षरतः शक्य, परंतु संदर्भाने त्याज्य.’’ या एका वाक्यासाठी मी त्यांना पूर्ण गुण देईन. हे वाक्य वाचकाने लक्षात ठेवावे, कारण चौथ्या प्रकरणात त्याच कार्यालयाने ते पार विसरून दाखवले आहे.

दुसरे प्रकरण तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचे. त्र्यंबकेश्वर, पैठण, काशी, प्रयाग, गया अशा ठिकाणी उपाध्यायांची घराणी आपापल्या यजमानांच्या नामावळ्या पिढ्यान्पिढ्या जपत आली आहेत. कोणत्या भागातले यजमान कोणाकडे हेही ठरलेले असते. आमची नोंद त्र्यंबकेश्वरी निघाली, एकोणिसाव्या शतकातल्या एका सिंहस्थाच्या वेळची, मोडीत. यजमानाचे नाव, बाप, आजा, पणजा, मग चुलते, भाऊ, मुलगे अशी ओळीने नावे आहेत, आणि त्यांच्या खाली आई, आजी, बायको आणि भावजया यांचीही नावे आहेत. शेतवारात बाई दिसते ती फक्त ‘बेवा’ म्हणून, म्हणजे नवरा वारल्यावर जमीन तिच्या नावे लागली तरच. उपाध्यायाच्या वहीत ती जिवंतपणी, पिंडाच्या किंवा स्नानाच्या निमित्ताने, आपल्या नावानिशी येते. आमच्या वंशावळीत आजवर जिथे नुसती रेघ होती तिथे आता चार स्त्रियांची नावे आली, आणि पाच पिढ्या एका पानावर मिळाल्यामुळे शेतवारातल्या दोन सख्ख्या भावांचा बाप कोण हा जुना घोळही मिटला. ज्याला कमी पैशांत बरेच काही हवे असेल त्याने आधी आपल्या घराण्याचे उपाध्ये शोधावेत. त्यासाठी मध्यस्थाची दर वेळी गरज पडते असेही नाही. गाव, जुना परगणा आणि आडनाव सांगितले की चोपडी निघते, आणि दक्षिणा ज्याने त्याने आपल्या मनाने द्यावी.

भाट आणि हेळवी या फिरून वंशावळी सांगणाऱ्या मंडळींबद्दल अहवालात अर्धे पान आहे. हेळव्यांचा वावर प्रामुख्याने सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकाच्या सीमेकडचा; आमच्या गावाशी त्याचा संबंध लागत नाही. पाने भरली आहेत, एवढेच.

तिसरे प्रकरण मोडी कागदांचे, आणि येथे काम चांगले असूनही एक गंभीर चूक आहे. पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दफ्तराच्या एका रुमालात (कागदांच्या गठ्ठ्यात) परगणे आंबेजोगाईकडील वसुलीचा एक कागद सापडला. अठराव्या शतकात या भागावर निजामाचा अंमल असला तरी चौथाई-सरदेशमुखीच्या निमित्ताने मराठ्यांचे कारकून येथे हिशेब ठेवीत, त्यामुळे मराठवाड्यातल्या माणसाचा कागद पुण्यात निघणे नवलाचे नाही, आणि ते या मंडळींच्या ध्यानात आले याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. कागदात गावच्या कुळांची यादी असून त्यात ‘अमुक बिन अमुक ढवळे’ अशी नोंद आहे. ‘बिन’च्या आधी मुलाचे नाव, नंतर बापाचे, आणि मग आडनाव, अशी ही रीत मोडी कागदांत सर्रास आढळते, तिच्यामुळे एका ओळीत दोन पिढ्या मिळतात. घराण्याचे नाव आज जसे आहे तसेच अडीचशे वर्षांपूर्वी होते, हे त्या ओळीने ठरले.

चूक आहे ती सालाची. कागदाच्या शिरोभागी सन ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ असा आहे. ही अरबी संख्या आहे : दोन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७२. हा सन शुहूर आहे. मराठ्यांच्या दफ्तरात अरबी शब्दांत लिहिलेला सन शुहूरच असतो आणि त्यात ५९९ किंवा महिन्यानुसार ६०० मिळवावे लागतात. म्हणजे कागद १७७१-७२ चा. अहवाल लिहिणाऱ्याने मात्र पहिल्या प्रकरणातल्या सवयीने तो फसली धरला, ५९० मिळवले आणि १७६२ हे साल छापले. नऊ वर्षांचा फरक, त्यात काय एवढे, असे कोणी म्हणेल. पण या नऊ वर्षांवर पुढे अख्खी कथा रचली गेली आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदाकाठी राक्षसभुवनला, म्हणजे आमच्याच बीड जिल्ह्यात, मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. आणि ‘१७६२ मध्ये मराठ्यांच्या दफ्तरात नोंदलेला आपला पूर्वज दुसऱ्याच वर्षी या रणसंग्रामात सहभागी झाला असावा’ असे वाक्य अहवालात ठळक अक्षरांत आहे. वसुलीच्या यादीतले एक साधे कूळ सालाच्या गफलतीने शिलेदार झाले. साल दुरुस्त केले की लढाई आठ वर्षे आधीच होऊन गेलेली असते, आणि तो ‘असावा’ निराधार राहतो. मूळ यादीत त्या माणसाकडे किती जमीन होती आणि तिचा किती धारा होता हे स्वच्छ लिहिलेले आहे, आणि ते मला त्या काल्पनिक तलवारीपेक्षा अधिक मोलाचे वाटते. अहवालात मात्र त्यावर एक ओळही खर्ची घातलेली नाही.

आता चौथे प्रकरण. कागद गुळगुळीत, कडेला सोनेरी वेलबुट्टी, मध्ये एक नकाशा, आणि नकाशावर गुजरातेतून आंबेजोगाईकडे येणारा लाल बाण. सिद्धान्त असा : ढवळे हे आडनाव ‘धवलक्क’ यावरून आले, धवलक्क म्हणजे आजचे ढोलका, तेराव्या शतकात तेथे वाघेल्यांची, लवणप्रसाद आणि त्याचा मुलगा वीरधवल यांची, सत्ता होती, देवगिरीच्या यादव सिंघणाने गुजरातवर स्वाऱ्या केल्या, त्याचा सेनापती खोलेश्वर आंबेजोगाईचा, म्हणून स्वारीबरोबर ढोलक्याहून आलेले एखादे क्षत्रिय कुळ आंबेजोगाई परिसरात स्थायिक झाले आणि तेच आमचे मूळपुरुष.

यातली सुटी सुटी विधाने जवळजवळ सगळी खरी आहेत, आणि म्हणूनच हे प्रकरण फसवे आहे. सिंघणाच्या गुजरातवरील स्वाऱ्या इतिहासाला मान्य आहेत. खोलेश्वराची कर्तबगारी आंबेजोगाईच्या शिलालेखांत कोरलेली आहे. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत नर्मदाकाठी पडला आणि त्याची बहीण लक्ष्मी हिने त्याच्या स्मरणार्थ देवालय बांधविले, हे १२४० च्या लेखावरून कळते. आपल्या तालुक्याच्या गावी इतका बोलका लेख असावा आणि तिथल्या बहुतेकांना तो ठाऊक नसावा, ही हळहळण्याजोगी गोष्ट आहे, आणि तो लेख निदान ग्राहकांच्या घरात पोहोचवला म्हणून कार्यालयाचे आभार मानायला माझी हरकत नाही. पण या लेखात ढोलक्याहून कुळे आणून वसवल्याचे काहीही नाही. खोलेश्वर आणि आमचे घराणे यांत समान आहे ते आंबेजोगाई हे गाव. एवढ्या सामायिक गोष्टीवर नाते लावायचे तर तालुक्यातले प्रत्येक घर खोलेश्वराच्या लष्करातले ठरेल.

दुसरी गोष्ट अधिक बोचते. ढोलक्याशी नाते जोडण्यासाठी पुरावा म्हणून काय दिले आहे? ‘निजामकाळातील महसुली कागदांत हे आडनाव ढोले या जुन्या रूपात आढळते.’ म्हणजे ज्या वाचनाला पहिल्या प्रकरणात त्यांच्याच वयस्क वाचकाने ‘संदर्भाने त्याज्य’ म्हटले, तेच येथे ‘जुने रूप’ म्हणून खांद्यावर घेतले आहे. दोन प्रकरणे दोन माणसांनी लिहिली आणि दुसऱ्याने पहिल्याचे वाचलेही नाही, याखेरीज याचा अर्थ लागत नाही. शिवाय निजामकाळातला तो कागद पुण्याच्या मोडी कागदापेक्षा शंभराहून अधिक वर्षांनी अलीकडचा आहे, आणि मोडीत आडनाव ढवळे असेच आहे. तेव्हा जुने रूप कोणते हे त्यांच्याच तिसऱ्या प्रकरणात लिहिलेले आहे. मराठी माणसाला ढवळ्या म्हटले की पांढरा बैल आठवतो आणि शेजारी पवळ्याही आपोआप येऊन उभा राहतो. बैलावरून पडलेले टोपणनाव हेही अनुमानच, मी ते सिद्ध झाले असे म्हणत नाही. पण व्युत्पत्तीच्या प्रकरणात या घरच्या शक्यतेचा उल्लेखही नसावा आणि थेट ढोलका गाठावे, याला काय म्हणावे?

तिसरी अडचण काळाची आहे. १२४० पासून १७७१ पर्यंत ५३१ वर्षे होतात. एका पिढीला तीस वर्षे धरली तर सतरा-अठरा पिढ्या, आणि त्यांतल्या एकाही माणसाचा कागद अहवालात नाही. त्या काळात या प्रदेशावर काय काय गुजरले ते पाहा : १२९६ मध्ये अलाउद्दीनाची देवगिरीवरील स्वारी, १३१८ मध्ये यादवांच्या सत्तेचा शेवट, १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दौलताबादेस नेलेली राजधानी, १३४७ मध्ये बहमनी राज्याची स्थापना, त्याच शतकाच्या अखेरीस सुरू झालेला आणि लोकस्मृतीत राहिलेला दुर्गादेवीचा दुष्काळ, पुढे निजामशाही, मलिक अंबर, मोगल आणि १७२४ पासून आसफजाही. गावे ओस पडत, कौल देऊन नव्याने वसवली जात, आणि कौल घेणारा पाटील कुठून आलेला असे हे प्रत्येक वेळी निराळे. वतनाच्या तंट्यांत दोन्ही बाजूंनी लिहून दिलेले करीने, म्हणजे आपापल्या हक्काच्या हकीकती, वाचले तर आपला मूळपुरुष गावात केव्हा आला यावरच भांडण असल्याचे दिसते. अठराव्या शतकातच जी गोष्ट वादाची होती ती आज एका लाल बाणाने निकालात निघते, हे मला पटत नाही.

आणि आडनाव म्हणजे आज आपण समजतो ती गोष्ट तेराव्या शतकात कितपत होती? लीळाचरित्रात माणसे भेटतात ती नागदेव, म्हाइंभट, इंद्रभट अशी. गाव, भट-नायकासारखी उपपदे आणि नाते यांवरून ती ओळखली जातात. बापाकडून मुलाकडे ठरल्या नियमाने जाणारे आणि सरकारी कागदात प्रत्येकाला लागणारे आडनाव ही पुष्कळ अलीकडची सोय आहे. वतनांनी पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही आडनावे दिली, गावांनी औसेकर, धारूरकर, उदगीरकर, देगलूरकर, निलंगेकर ही दिली. आणि पिंपळगावकराला आपले मूळ गाव शोधायचे झाले तर महाराष्ट्रात पिंपळगावे किती याचा हिशेब आधी करावा लागतो. अहवालाच्या प्रास्ताविकात मोरे म्हणजे मौर्य, कदम म्हणजे कदंब, शेलार म्हणजे शिलाहार, चाळके म्हणजे चालुक्य, अशी एक तक्ता-यादी दिली आहे. यातली काही समीकरणे जुन्या अभ्यासकांनीही सुचवली आहेत. परंतु एखादा शब्द दुसऱ्या शब्दापासून आला असे मानले तरी तो शब्द लावणारे प्रत्येक घर त्या राजाच्या वंशातले ठरत नाही. राजाचे चाकर, रयत आणि आश्रितही तेच नाव लावू शकत.

खरे पाहता मध्ययुगीन मूळ सांगण्याची ही हौस मध्ययुगाइतकीच जुनी आहे, आणि तिचे उत्तम दाखले मराठवाड्यातच आहेत. कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. तगर म्हणजे आपले धाराशिव जिल्ह्यातले तेर. राष्ट्रकूटांचे बिरुद ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ असे होते, आणि लट्टलूर म्हणजे लातूर असे मानले जाते. देवगिरीचे यादव तर ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’, आणि त्यांचा मंत्री हेमाद्री याने त्यांची वंशावळ थेट पुराणांतल्या यदुकुलाला नेऊन भिडवली. राज्य एकीकडे आणि बिरुदातले गाव दुसरीकडे, अशी ही रीत होती. त्या गावाशी प्रत्यक्ष संबंध किती आणि प्रतिष्ठेसाठी केलेला दावा किती, हे इतिहासकार आजही तपासून पाहतात. शिलालेख कोरून घेणाऱ्या राजांच्या बाबतीत जी सावधगिरी लागते ती शेतकऱ्याच्या घराण्याच्या बाबतीत सोडून देण्याचे कारण काय? या विषयावर चार पाने लिहिली असती तर चौथे प्रकरण वाचनीय झाले असते, आणि कोणाची फसवणूकही झाली नसती.

गणिताचाही एक मुद्दा आहे, तो ग्राहकांना कोणी सांगत नाही. दर पिढीला पूर्वज दुप्पट होतात. तेराव्या शतकापर्यंत मागे जायला साधारण सव्वीस पिढ्या लागतात, आणि कागदावर त्या पिढीतील पूर्वजांची संख्या ६ कोटी ७१ लाखांवर जाते. अर्थात तीच माणसे पुनःपुन्हा येत असल्यामुळे खरी संख्या त्याहून फारच कमी, तरीही ती प्रचंडच असते. आडनाव त्यांतल्या एकाच पुरुषाकडून आले. उरलेल्या सगळ्यांना बाजूला सारून त्या एकालाच ‘आपले मूळ’ म्हणणे हा रूढीचा भाग आहे, वस्तुस्थितीचा नव्हे.

कुलदैवताचा पुरावाही असाच पोकळ आहे. आमचे कुलदैवत आंबेजोगाईची योगेश्वरी, म्हणून घराणे येथे ‘सातशे वर्षांपासून’ असल्याचे अहवाल म्हणतो. आंबेजोगाईची योगेश्वरी ही कोकणातल्या अनेक चित्पावन कुळांचीही कुलस्वामिनी आहे. एवढ्यावरून ती सगळी कुळे आंबेजोगाई तालुक्यातली ठरत नाहीत. शिवाय ढोलक्याहून आलेल्या कुळाने येताना आपली देवी का आणली नाही, हेही अहवालाने सांगायला हवे होते.

खरोखरच मागे जायचे असेल तर अठराव्या शतकातच थांबण्याचे कारण नव्हते. हैदराबादच्या पुरालेखागारात शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळातील दख्खन सुभ्याचे फारसी कागद मोठ्या संख्येने आहेत. त्यांतल्या ‘अर्ज-ओ-चेहरा’ या प्रकारच्या कागदांत सैन्यातील स्वाराचे नाव, बापाचे नाव आणि चेहऱ्यावरच्या खुणा, तीळ, व्रण असे वर्णन नोंदलेले असते. तेथे आमचे कोणी निघेलच असे नाही, बहुधा निघणारही नाही. पण शोध घ्यायचा तो अशा ठिकाणी. मी विचारले तेव्हा ‘ते पॅकेजमध्ये येत नाही’ असे उत्तर मिळाले. ३२,००० रुपयांत ढोलका येतो आणि हैदराबाद येत नाही.

कुलमुद्रेबद्दल फार लिहीत नाही. सिंह, सूर्य आणि दोन तलवारी आहेत. आमच्या कोणत्याही कागदावर अशी मुद्रा नाही, आणि ती कार्यालयातल्याच संगणकावर तयार झाली हे त्यांनी नाकारलेही नाही.

जातीच्या दाखल्यासाठी ही सेवा घेऊ पाहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पडताळणी समितीपुढे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची असते आणि तेथे मूळ अभिलेखाची प्रमाणित नक्कल लागते. सुबक बांधणीच्या खाजगी अहवालाला तेथे किंमत नाही. या कार्यालयाने पहिल्या प्रकरणातील प्रत्येक कागदाची प्रमाणित नक्कल आणि सोबत लिप्यंतर दिले, ही त्यांच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. लिप्यंतरात जिथे अक्षर लागले नाही तिथे टिंबे दिली आहेत, अंदाजाने शब्द भरलेला नाही. असा संयम पहिल्या प्रकरणात जमतो आणि चौथ्यात कुठे जातो, हे मी त्यांना समक्ष विचारले. संचालकांनी सांगितले की लोकांना तेच हवे असते. नुसती कुळांची यादी हातात दिली तर ग्राहक म्हणतो, एवढ्यासाठी पैसे दिले का? त्यांच्या म्हणण्यात तथ्य असेलही, पण मग त्या प्रकरणावर ‘आख्यायिका’ असे छापावे.

सालाची दुरुस्ती त्यांनी मान्य केली, राक्षसभुवनाचा परिच्छेद काढून टाकला आणि तिसऱ्या प्रकरणाची नवी प्रत विनामूल्य दिली. चौथे प्रकरण मागे घेऊन त्यापुरती रक्कम परत करण्यास मात्र नकार दिला. वरचा प्रकार घेऊ नये. मधला अवश्य घ्यावा, आणि करार करताना दोन गोष्टी लिहून घ्याव्यात : प्रत्येक विधानापुढे कागदाचा ठावठिकाणा आणि मूळ सन जसाच्या तसा असावा, आणि रूपांतरित साल त्याच्या शेजारी वेगळे द्यावे. माझ्या मामांच्या घराण्याचे काम मी याच कार्यालयाकडे दिले आहे, मधल्या प्रकारात, आणि उर्दू कागद त्याच वयस्क वाचकांनी वाचावेत अशी अट घालून.